मेल्यावर तीस लाख, उतरताना कोणी नाही: याला राज्य म्हणायचं?

काठावरचा
परवा आमच्या सोसायटीचा सेप्टिक टँक तुंबला. दोन माणसं आली. पहारीनं झाकण सरकवलं, एकानं वाकून आत झुरळं पळताहेत का ते पाहिलं. झुरळं जिवंत म्हणजे आत हवा आहे, झाली तपासणी! मग कमरेला दोर, तोंडाला रुमाल. मी अडवलं तर कमिटीवाले माझ्यावरच डाफरले. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं हा गुन्हा आहे, पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. घटनेच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ लिहिलेलं राज्य चेक घेऊन येतं, झाकण उघडताना फिरकत नाही. अशा राज्यानं आम्हाला कायदा पाळा म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

बी_विंग_सेक्रेटरी
बोलायला काय जातं! आमच्या गल्लीत सक्शन गाडी वळत नाही. तळमजल्याच्या मोरीत मैला वर आला की रात्री अकराला फोन मला येतात. उतरणारा स्वतःच्या मर्जीनं येतो, पैसे ठरवून घेतो. टाकी खासगी, व्यवहार खासगी. यात राज्य आणि प्रतिष्ठा कुठून आली?

काठावरचा
मर्जीच असती तर एखादा जोशी-पाटीलही दोर बांधून उतरलेला दिसला असता. पाहिलाय कधी?

काळा_कोट
सेक्रेटरीसाहेब, खासगी टाकी म्हणून सुटका नाही. कायद्यातली बंदी पालिकेला आहे तशी कोणाही व्यक्तीला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या टाकीत तिघांचा जीव गेला. मुंबई हायकोर्टानं २०२१ मध्ये सरकारलाच सांगितलं, आधी तुम्ही भरपाई द्या, मग जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करा.

पण काठावरचा, तुम्हीही व्याख्या वाचा. ‘धोकादायक सफाई’ म्हणजे मालकानं सुरक्षा साधनं न देता करून घेतलेली. साधनं दिली की माणूस उतरवायला वाट मोकळी. म्हणजे माणूस आत जाणारच हे कायद्यानं धरलेलंच आहे, प्रश्न फक्त कपड्यांचा! माझा राग दंड कमी आहे यावर नाही, या व्याख्येवर आहे. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठेचं आहे. तिचा आदर करणं आणि तिचं *रक्षण* करणं हे सगळ्या राज्यसत्तेचं कर्तव्य. रक्षण म्हटलं की शेजारची सोसायटीही त्यात आली, ‘खासगी व्यवहार’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

नदीकाठची
जर्मनी राहू द्या. त्या तीस लाखांची चेष्टा मात्र करू नका. मागे राहिलेल्या बाईला त्यात पोरांची फी दिसते, घरभाडं दिसतं. आणि कंत्राटदाराला घामही त्याच आकड्यानं फुटतो, उद्देशिकेनं नाही. सुप्रीम कोर्टाच्या त्या तीस लाखांच्या निकालातच माणूस उतरवणं टप्प्याटप्प्यानं पूर्ण बंद करा असंही म्हटलंय. तोवर पैसा हाच धाक.

काठावरचा
ताई, आकड्याचा धाक असता तर परवा रुमाल बांधून कोणी आलं नसतं.

बी_विंग_सेक्रेटरी
बरं. पाण्याच्या जोरानं तुंबलेलं मोकळं करणारी छोटी जेटिंग गाडी मिळते म्हणे, चौकशी करतो. रविवारच्या मीटिंगला विषय घेतो. मेंटेनन्स वाढणार म्हटल्यावर किती हात वर होतात ते इथेच येऊन सांगतो.