बडोदा: साइटवरच्या मजुरांचा मलेरियाचा चौदा दिवसांचा कोर्स पुरा कसा होईल?

रावपुरा_मंडळ: नमस्कार. गोत्री-भायलीकडच्या बांधकामांवर दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआची कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. सरकारी केंद्रात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत, पण ते उघडं असतं तेव्हा मजूर कामावर. मग संध्याकाळी नाक्यावरच्या दवाखान्यात सुई घेतात, ताप उतरतो आणि विषय संपतो. व्हायवॅक्स (मलेरियाचा उलटून येणारा प्रकार) निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्यांचा कोर्स अर्ध्यातच सुटतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा थंडी वाजून ताप. आमच्याकडे मोजकेच स्वयंसेवक आहेत. त्यांनी नेमकं काय करावं?

लॅबवाली_ताई: तपासणी आशाताई किंवा आरोग्य कर्मचाऱ्यालाच करू द्या; तुमच्या लोकांनी तापाचे रुग्ण त्याच दिवशी त्यांच्यापर्यंत पोचवायचे. तपासणीचं किट (बोटातल्या रक्ताच्या थेंबावर लगेच निकाल देणारी पट्टी) पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उन्हाळ्यात ती तापली की किट निकामी होतं. स्पिरिट वाळायच्या आत बोट टोचलं तर रक्त पातळ होऊन पसरतं. निकाल किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा. पुसट रेघ आली तरी पॉझिटिव्ह. कंट्रोलची रेघच (किट चालतंय हे दाखवणारी) उमटली नाही तर दुसरं किट.

किट निगेटिव्ह आलं म्हणून रुग्णाला सोडून देऊ नका. रक्तात जंतू थोडे असले की किटला ते सापडत नाहीत. ताप टिकला तर दुसऱ्या दिवशी काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा रक्ताचा नमुना) घ्यायला लावा. उलट, फॅल्सिपॅरमची (मलेरियाचा दुसरा, जास्त धोकादायक प्रकार) रेघ उपचारानंतरही काही आठवडे उमटू शकते, म्हणून बरं झाल्यावरची खात्री काचपट्टीवरच.

गोळ्यांचा_हिशेब: व्हायवॅक्समध्ये ताप उतरवतं ते क्लोरोक्विन. त्याचे जंतू यकृतात दडून बसतात, त्यांना क्लोरोक्विन मारत नाही, प्रायमाक्विन मारतं. मोठ्या माणसाला क्लोरोक्विन १५० मिग्रॅ बेसच्या गोळ्या पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २. पाकिटावर २५० मिग्रॅ फॉस्फेट लिहिलं असेल तर ते हेच, पण ५०० ची गोळी असेल तर संख्या निम्मी. इथे घोळ झाला तर दुप्पट डोस पोटात जातो. प्रायमाक्विन १५ मिग्रॅ रोज, १४ दिवस. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो केंद्रातच लिहून घ्या.

गोळ्या रिकाम्या पोटी देऊ नका, मळमळतं आणि कोर्स तिथेच तुटतो. अर्ध्या तासात उलटी झाली तर डोस पुन्हा. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं बाळ यांना प्रायमाक्विन नाही. जी-सिक्स-पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्याच्या या गोळीने लाल पेशी फुटण्याचा धोका असतो, म्हणून शक्य तिथे ती तपासणी आधी. लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले की गोळी थांबवून थेट सयाजी हॉस्पिटल.

फॅल्सिपॅरमला आपल्याकडे वयानुसार रंगाचं एसीटी (आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि जोडीला दुसरं) पाकीट आहे (मोठ्यांचं पांढरं). ते तीन दिवस, शिवाय दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस. नुसत्या आर्टेसुनेटच्या गोळ्या कुणी देत असेल तर घेऊ नका: जंतू पूर्ण मरत नाहीत आणि औषधाला दाद न देणारे उरतात.

रावपुरा_मंडळ: आणि कोर्स चालू असताना माणूस गावी निघाला तर?

वॉर्डातला_कार्यकर्ता: दिवाळी आणि होळीला हमखास निघतात, ते धरूनच चाला. प्रत्येक रुग्णाला कार्ड द्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा: कोणता मलेरिया, सुरुवातीची तारीख, किती गोळ्या उरल्या, गावच्या आशाताईंचा नंबर. निघायच्या आदल्या दिवशी त्या ताईंना फोन करा. एरवी गोळी संध्याकाळच्या जेवणानंतर, समोर गिळायला लावून. सगळ्यांकडे रोज जाणं जमत नसेल तर ताप उतरल्यानंतरचे, म्हणजे चौथ्या दिवसापासूनचे दिवस धरा, कारण गळती तिथे होते.

मुकादमाशी आधी बोला. तपासणीला गेलेल्याची अर्धी हजेरी कापली जाणार असेल तर तो ताप लपवणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. आणि त्याच फेरीत साइटची टाकी बघा. शहरातला मलेरियाचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवायचं) पाणी, लिफ्टचा खड्डा, उघडी पिंपं आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करून घ्या. बेशुद्धी, झटके, सारखी उलटी किंवा धाप असेल तर कार्ड-बिर्ड बाजूला ठेवून १०८ ला फोन.