सी मध्ये वाइड कॅरेक्टरचं यूटीएफ-८ करायचंय, लोकेलला हात न लावता

मंडळी, मदत हवी आहे. लिनक्सवर सी मध्ये छोटी लायब्ररी लिहितोय. डब्ल्यूचार-टी (सी मधला वाइड कॅरेक्टरचा, म्हणजे एका बाइटपेक्षा मोठ्या अक्षराचा प्रकार) मधली देवनागरी नावं यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) मध्ये फाइलीत उतरवायची आहेत. डब्ल्यूसीएस-टू-एमबीएस (वाइड कॅरेक्टरचे बाइट करणारं फंक्शन) थेट वापरलं तर उणे १, म्हणजे चूक, परत येतं, कारण प्रोग्रॅम 'सी' लोकेलमध्येच (लोकेल म्हणजे भाषा-एन्कोडिंगची सेटिंग) सुरू होतो. सेटलोकेल केलं की चालतं, पण ते अख्ख्या प्रोसेसला लागू होतं. पाहुण्याने यजमानाचं स्वयंपाकघर लावायला घेतल्यासारखंच ते! युजलोकेल चालू थ्रेडपुरतंच असतं, हे बरं. पण मशीनवर यूटीएफ-८ लोकेलच बसवलेलं नसेल तर?

आयकॉन्व्ह (एका एन्कोडिंगचं दुसरं करून देणारं फंक्शन) वापरू, की बाइट स्वतःच पाडू? देवनागरीचा कोडपॉइंट (अक्षराचा युनिकोड क्रमांक) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचा, तेवढं जमेल. पुढे विंडोजवरही न्यायचंय. तिथे डब्ल्यूचार-टी १६ बिटांचं, म्हणजे इमोजीच्या सरोगेट जोड्या (एकाच अक्षरासाठी १६ बिटांचे दोन तुकडे) आल्याच. तुम्ही काय करता?