मदत हवी आहे: आप्पा डायलिसिसवर, घर माळकरी. प्रोटीन कुठून द्यायचं आणि किती चालू द्यायचं?

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, 66 वर्षांचे. बीपीने किडन्या गेल्या. सात महिन्यांपासून मंगळ-गुरु-शनि डायलिसिस, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला आहे (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली रक्तवाहिनी), ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, 58 किलो.

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. डायलिसिसच्या आधी ज्या दवाखान्यात दाखवायचो तिथला. 'डाळ अर्धी वाटी, पनीर-उसळ बंद', खाली लाल पेनाची रेघ. तीन वर्षं मी तो कागद काटेकोर पाळला. मशीन सुरू झालं की हे पथ्य उलटं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी त्याच मापाने वाढत राहिले. गेल्या महिन्यात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, 3.1 आलं, कमी. त्या दिवशी आप्पा सदरा बदलत होते, तेव्हा त्यांचा दंड दिसला आणि पोटात कालवलं. हाडाला नुसती कातडी राहिलीय.

आता नव्या डाएटिशियन ताईंनी समजावलं की मशीनवर कचऱ्याबरोबर अमिनो आम्लंही (प्रोटीनचे घटक) वाहून जातात, म्हणून रोज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे आप्पांना 58 ते 70 ग्रॅम. त्यांच्या ताटात मोजलं तर जेमतेम 30-35. ताई म्हणाल्या, रोज चार अंड्यांचा पांढरा भाग द्या. आप्पांच्या गळ्यात विसाव्या वर्षापासून माळ आहे. अंडं घरात येणार नाही, आणि त्यासाठी त्यांच्या मागे लागावं असं मलाही वाटत नाही.

दुसरी काळजी एकादशीची. मागच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दोन केळी आणि खजूर एवढं झालं. उपासाचं म्हणजे हलकं, असंच मी धरून चालले होते. द्वादशीला सकाळी पाय उचलेनात, छातीत धडधड. रक्तातलं पोटॅशियम 6.8, धोक्याएवढं वाढलेलं! ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता तातडीने मशीनवर घ्यावं लागलं. आप्पा म्हणतात एकादशी सोडणार नाही. मग काय देऊ?

तिसरं, चालणं. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दर पौषात नाशिकहून त्र्यंबकला पायी जाणारा माणूस आता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो. डॉक्टर म्हणाले 'चालू द्या', पण किती, कधी, ते विचारायचं राहिलं. आम्ही भीतीने साधी भाजीची पिशवी उचलू देत नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, माझ्या मिस्टरांचं डायलिसिसचं हे पाचवं वर्ष. तुमची चूक नाही, आमच्याकडेही असाच कागद होता. आधी तो काढा.

आम्हीही शाकाहारी. 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम प्रोटीन मिळतं. घरी लावलेलं, बिनमिठाचं घ्या. वाटीभर घट्ट वरणातून सात-आठ ग्रॅम. डाळ भिजवून ते पाणी टाका, शिजवल्यावर वरचं पाणीही टाका. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम बरंच उतरतं. त्या पाण्याची आमटी करायचा मोह आवरा! पनीर-दह्यात फॉस्फरस असतो, म्हणून त्याची गोळी जेवतानाच घ्यायची. ती अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. आम्ही वर्षभर रात्री झोपताना देत होतो, सगळी फुकट गेली. एवढं करूनही कमी पडलं तर डायलिसिसच्या पेशंटसाठी वेगळी प्रोटीन पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारूनच.

एकादशीला भगर द्या, सोबत दाण्याच्या आमटीऐवजी थोडं दही किंवा पनीर. शेंगदाणे, रताळं, बटाटा, केळं, खजूर, शहाळं बंद. द्राक्षं केळ्यापेक्षा बरी, मोजून आठ-दहा. मनुका मात्र नाहीत, सुकल्यावर पोटॅशियम एकवटतं. आणि 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. लघवी किती होते ते लिहिलं नाहीत. आम्हाला दिवसाच्या लघवीचं माप अधिक अर्धा लिटर एवढंच पाणी सांगितलंय. ताक, चहा, बर्फ सगळं त्यात धरायचं. मीठ कमी केलं की तहानही कमी लागते.

चालणं मशीन नसलेल्या दिवशी, सकाळी उन्हाआधी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली की थांबायचं. डायलिसिसहून आल्यावर बीपी उतरलेलं असतं, तेव्हा नुसता आराम. मशीन चुकलं असेल, पोटॅशियम वाढलेलं असेल, छातीत दुखत असेल तर व्यायाम नाही. घरी खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, पाच वेळा. मांड्यांना ताकद येते. फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई फक्त डायलिसिसची, त्या कुशीवर झोपणं नको, जड ओझं नको. पण भाजीची पिशवी दुसऱ्या हाताने खुशाल उचलू दे. फिस्टुलाच्या हाताने व्यायामाला मऊ चेंडू दाबू द्यायचा का, ते सर्जनना विचारा.

काही सेंटरमध्ये मशीनवर असताना पहिल्या दोन तासांत झोपल्या झोपल्या पायाने पॅडल मारू देतात. मिस्टरांच्या पायात गोळे येणं त्याने बरंच कमी झालं.

धागाकर्ती

ताई, खूप खूप आभार. फॉस्फरसची गोळी मीही रात्रीच देत होते. कागद काढला. लघवी दिवसाला 300 मिली होते, म्हणजे सगळं मिळून 800. उद्या सकाळी तेवढी बाटली भरून ठेवते. भगरीचं आप्पांना सांगितलं, ते हसले, म्हणाले "विठ्ठलाला चालेल". शनिवारी सेंटरवर पॅडलचं विचारते. ते हो म्हणाले तर पायाने चालवायची ती छोटी सायकल सिडको-इंदिरानगर भागात कुणाकडे वापरात नसलेली पडून आहे का? असेल तर इथेच सांगा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.