गोळी सुरू करण्याआधी मेंदूचा स्कॅन सक्तीचा हवा का?

कृष्णाकाठ: काल 'विश्रामबागवाला' यांनी लिहिले, की नैराश्याची गोळी देण्याआधी प्रत्येक रुग्णाचा फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखविणारा स्कॅन) सक्तीचा करावा, कारण कोणते औषध लागू पडणार हे मेंदूच सांगतो. विधानातील ठामपणा खटकला, म्हणून सविस्तर लिहितो. मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या गटाने १९९७ साली पेट स्कॅनवरून (मेंदू साखर कुठे किती वापरतो हे दाखविणाऱ्या प्रतिमेवरून) दाखविले, की सिंग्युलेट या मेंदूतील पट्ट्याच्या पुढच्या भागात ग्लुकोजचा वापर अधिक असलेल्या रुग्णांना औषधाचा गुण आला आणि कमी असलेल्यांना आला नाही. त्यानंतर दोन दशके संशोधन होऊनही २०१८ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या तज्ज्ञगटाला असेच म्हणावे लागले, की एकेका रुग्णाच्या निदानात वा उपचारात या प्रतिमांचा अद्याप फारसा उपयोग झालेला नाही. गटाच्या सरासरीत दिसणारा फरक समोर बसलेल्या माणसाला लागू पडेलच असे नाही.

विश्रामबागवाला: आपल्याला खटकले, पण माझ्या मेहुण्याने भोगले आहे. तीन औषधे बदलली, प्रत्येक वेळी सहा-आठ आठवडे वाट पाहिली आणि तेवढ्यात नोकरी गेली. नैराश्याच्या औषधांवरील अमेरिकेतील स्टार-डी या २००६ च्या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने जेमतेम एक तृतीयांश रुग्ण पूर्ण बरे झाले. उरलेल्यांनी काय करायचे? २०२४ साली संशोधक लीन विल्यम्स यांच्या गटाने ८०१ रुग्णांच्या स्कॅनवरून नैराश्य-चिंतेचे सहा प्रकार वेगळे केले, त्यांतील काहींचा उपचारांना मिळणारा प्रतिसादही वेगळा निघाला. हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

मिरजेचा तंबोरा: सक्ती झाली तर पेढे कोण वाटेल ते सांगतो. माझ्या आईच्या साध्या डोकेदुखीसाठी एमआरआय करायला लावला, रिपोर्ट नॉर्मल आला आणि पाठविणाऱ्याचा त्यात वाटा होता, हे नंतर कळले. कट प्रॅक्टिसविरुद्धच्या (रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन घेण्याविरुद्धच्या) कायद्याचा मसुदा २०१७ साली राज्यात तयार झाला होता, त्यावर कोणी बोलत नाही.

हळदीचे पेव: मी स्वतः डॉक्टर आहे. ऊठसूट सगळ्यांना चोर ठरविण्याची ही सवय आता असह्य झाली आहे. साध्या एमआरआयवर गाठ किंवा रक्तस्राव दिसतो, नैराश्य दिसत नाही; आपल्या आईच्या स्कॅनचा या चर्चेशी संबंध नाही.

मिरजेचा तंबोरा: संबंध पैशांचा आहे, डॉक्टरसाहेब. जत-आटपाडीहून एसटीने येणारा माणूस महिन्याची एस्सिटॅलोप्राम या नैराश्याच्या गोळीची पाकिटे घेतो, त्याच्या कितीतरी पट खर्च एका स्कॅनला येतो. तो खर्च त्याच्या माथी मारल्यावर गोळ्यांना पैसे उरतील का? आपण कट घेत नसाल तर आनंद आहे, पण मग राग इतका का आला?

हळदीचे पेव: राग यासाठी आला, की या गदारोळात खरा आक्षेप बाजूला राहिला. अमेरिकेतील एम्बार्क चाचणीत नैराश्याच्या काही रुग्णांना सरट्रलीन हे औषध आणि काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी, दिला होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, सिंग्युलेटच्या त्याच पुढच्या भागात ज्यांच्या थीटा नावाच्या विद्युतलहरी ईईजीवर (मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखावर) अधिक होत्या, त्यांना आठ आठवड्यांत अधिक आराम पडला. मात्र तो सरट्रलीन घेणाऱ्यांना पडला तसाच प्लासिबो घेणाऱ्यांनाही पडला. म्हणजे ही खूण 'कोण सुधारेल' हे काहीसे सांगते, 'कोणत्या गोळीने' हे सांगत नाही, आणि मला बाह्यरुग्ण विभागात नेमके दुसरेच उत्तर हवे असते. शिवाय २०१७ साली गाजलेले नैराश्याचे चार प्रकार दुसऱ्या संशोधकांना २०१९ साली पुन्हा तसे सापडले नाहीत. सहा प्रकारांचीही तशीच स्वतंत्र पडताळणी व्हायला हवी. तोवर थायरॉइड तपासणे, पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला का हे विचारणे आणि गुण येण्याआधीच रुग्ण गोळी सोडणार नाही हे पाहणे, यांतच माझा वेळ सत्कारणी लागतो.

कृष्णाकाठ: पहिल्या लेखनात मी हेच म्हणत होतो, फक्त मला डॉक्टर ही पदवी नसल्याने ते कोणी वाचले नाही.

विश्रामबागवाला: बरे, सक्तीची मागणी मागे घेतो. पण आठ आठवडे वाट पाहा, हे सांगणाऱ्यांनी त्या आठवड्यांत रुग्णाच्या घरी एकदा राहून पाहावे. उद्या कोणी संशोधनासाठी स्कॅन मागितला, तर मेहुण्याला मी स्वतः घेऊन जाईन. तंबोरा यांनी खुशाल माझे कमिशन मोजत बसावे.