मदत हवी आहे: अमेरिकेहून आलेल्या पुतण्याला चिकन नूडल सूप हवंय, घरी कसं करू?

खानापूरची_थोरली

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. दीर-जाऊ पोरांना घेऊन अमेरिकेतून सुट्टीला आलेत आणि इकडे पावसानं असा ठिय्या दिलाय की कपडे वाळायचं नाव नाही. धाकटा पुतण्या नऊ वर्षांचा. सर्दीनं नाक बंद, ताट बघितलं की तोंड फिरवतोय. मागणं एकच, चिकन नूडल सूप. जाऊबाई तिकडे डब्यातलं गरम करून देते, त्यामुळे तिच्याकडून कृती मिळायची नाही.

सासूबाईंनी आपली नेहमीची अळणी, म्हणजे कोंबडीचं पातळ पाणी, करून दिली. हळद, आलं-लसूण, मीठ, वरून मिरपूड. पोरानं वाटी संपवली आणि विचारलं, "आजी, यात नूडल्स कुठं आहेत?" झालं. सासूबाई तेव्हापासून गप्प आहेत.

रविवारी करायचा बेत आहे. श्रावण लागला की आमच्यात महिनाभर काही शिजत नाही, म्हणून आत्ताच. अडचणी सांगते. गावात जवारी (गावठी) कोंबडी मिळते, ब्रॉयलर आणायला खानापुरात जावं लागतं. कुठली घेऊ? इंटरनेटवर बघितलं तर सगळीकडे सेलरी, थाईम, एग नूडल्स. यातलं इथं काय मिळणार? मटण-चिकन आमच्या घरात आतल्या स्वयंपाकघरात शिजत नाही, मागच्या पडवीत चूल आणि एक जुना पाच लिटरचा कुकर आहे, तेवढ्यात भागवायचंय. कुकरमध्ये सूप गढूळ होतं म्हणतात, खरं का? आणि नूडल्स कधी घालायच्या? घरात माणसं नऊ, सगळ्यांना पुरायला हवं. सूप पातळ पण चवीला भरलेलं पाहिजे, कॉर्नफ्लोअर लावलेलं हॉटेलसारखं नको.

अनगोळची_अक्का

अगं, सासूबाईंना आधी सांग की अर्धं सूप त्यांनीच करून ठेवलंय. अळणी म्हणजे दुसरं काय? फक्त हळद चिमूटभर कर, आलं-लसूण वाटून घालू नको, ठेचून अख्खं घाल म्हणजे नंतर काढून टाकता येतं. वाटण घातलं की ते आपल्या रश्श्याच्या वाटेला लागलं.

कोंबडीचं विचारायलीस तर जवारीच घे की. ब्रॉयलरच्या पाण्याला चव नाही, कितीही उकळ. पण जवारीचं मांस ते पोरगं चावणार नाही, तिकडे मऊ खायची सवय असत्या. म्हणून मी काय करते, पाणी जवारीचं आणि वरनं घालायचे तुकडे ब्रॉयलरच्या छातीचे. अर्धा किलो बोनलेस आणलंस तरी पुष्कळ झालं. जवारीचं मांस टाकायचं नाही हां, त्याचं संध्याकाळी मोठ्यांना सुकं कर.

निपाणीकर_७७

एवढा खटाटोप कशाला? मॅगी कर, वरून चिकनचे चार तुकडे टाक. पोरांना काय कळतंय.

अनगोळची_अक्का

पोरांनाच कळतंय बघ, आपल्याला कळत नाही.

कॅम्पातला_आचारी

ताई, मी गोव्यात हॉटेलात बरीच वर्षं सूप सेक्शन सांभाळला, आता बेळगावात घरीच असतो. अक्कांनी सांगितलेली वाट बरोबर आहे, मी फक्त तपशील देतो.

जवारी कोंबडी साफ करून साधारण एक ते सव्वा किलो भरेल अशी घ्या. मोठे तुकडे करायला सांगा. दुकानात खिम्यासारखे बारीक करून देतात, हाडांची कुसळं होतात, ती पोराच्या घशात नकोत. मान, पाठीचा सांगाडा आणि पाय नक्की मागून घ्या. पाय बघून नाक मुरडू नका. सुपाला जो अंगठ्याला चिकटणारा दाटपणा येतो तो पायांतल्या आणि सांध्यांतल्या कोलॅजनचा, ते हळूहळू शिजलं की जिलेटिन होतं. रात्री थंडीत ठेवलेलं सूप सकाळी थरथरतं ना, ते यानेच. पाय उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून वरचं पिवळं कातडं ओढून काढा, नखं तोडा. कलेजी मात्र बाजूला ठेवा, सुपात गेली की कडवटपणा येतो.

आता कुकरचं. कुकर गढूळ करतो हे अर्धवट खरं आहे. सूप गढूळ होतं ते खळाखळा उकळल्यानं, कारण चरबीचे बारीक थेंब आणि फेस पाण्यात घुसळले जातात. बंद कुकरमध्ये दाब असतो तोवर आतलं पाणी फारसं खळबळत नाही. गडबड होते ती घाईनं शिट्टी उचलून वाफ सोडताना. दाब एकदम उतरला की आतलं सगळं भसाभस उकळतं. म्हणून वाफ आपोआप जिरू द्या, अर्धा तास लागला तरी चालेल. तोवर कुकरला हात लावायचा नाही.

पाणी थंडच घ्या. पाच लिटरचा कुकर आहे म्हणजे कोंबडी धरून तीन लिटर-सव्वातीन लिटरच्या वर भरू नका, वरचा भाग रिकामा राहिला पाहिजे. झाकण लावायच्या आधी उघड्यावरच एक उकळी येऊ द्या आणि वर जो करडा फेस येतो तो झाऱ्यानं काढत रहा. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं वाया. फेस थांबला की मग अर्धा कांदा, एक गाजर, ठेचलेला आल्याचा तुकडा, चार-पाच लसूण पाकळ्या, दहाबारा अख्खे मिरे, एक तमालपत्र. झाकण, दोन शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग चुलीतली लाकडं ओढून मंद आचेवर पाऊण तास. कोंबडी निबर असेल तर तासभर. ओल्या लाकडाचा धूर होणार, त्यामुळे कुकर चुलीवर आणि बाकीचं शेगडीवर जमलं तर बघा.

गाळून घेतल्यावर वरची चरबी चमच्यानं काढा, पण सगळी काढू नका. त्या सोनेरी थेंबांतच वास असतो. साधारण दोन लिटर गाळलेलं सूप हाताला लागेल. नऊ जणांना मोठे बाउल होणार नाहीत, वाटी-वाटी होईल. मोठ्यांनी भात आणि सुकं खावं, सूप पोरांना आणि आजारी माणसाला.

मीठ गाळल्यावरच घाला. लिटरला सपाट चमचाभरानं सुरू करा आणि चाखत वाढवा. आधी घातलं आणि पाणी आटलं तर परत फिरता येत नाही.

खानापूरची_थोरली

आचारीभाऊ, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही हो. सेलरीचं मात्र राहिलं. आणि नूडल्सचं पण.

कॅम्पातला_आचारी

सेलरी बेळगावात मोठ्या भाजीवाल्याकडे कधी असते कधी नसते, त्यासाठी पावसात एवढ्या लांब येऊ नका. कोथिंबिरीचे देठ मूठभर बांधून गाळायच्या आधी दहा मिनिटं बुडवा, आणि वाढताना कांद्याची पात. चव तीच नाही, पण सुपाला जो हिरवा ताजेपणा लागतो तो येतो. कुणी तुम्हाला ओवा घालायला सांगेल. सेलरी आणि ओवा एकाच कुळातले म्हणून. ओवा चार दाण्यांच्या वर गेला की सूप नाही, काढा होतो. थाईम विसरा.

वाढायचं गाजर वेगळं. कुकरमधलं गाजर चव देऊन संपलेलं असतं, ते फेकायचं किंवा म्हशीला. ताजं गाजर बारीक गोल कापून गाळलेल्या सुपात सात-आठ मिनिटं. त्याच सुपात ब्रॉयलरची छाती अख्खी सोडायची, आच अगदी मंद, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. पंधरा-अठरा मिनिटांत शिजते. मधोमध कापून बघा, गुलाबी दिसलं तर परत आत. बाहेर काढून बोटांनी धागे सोडवा. सुरीनं चौकोनी तुकडे केले तर ते हॉटेलातल्या सुपासारखं लागतं, तुम्हाला ते नकोय म्हणालात.

मलप्रभाकाठ

नूडल्सचं मी सांगते. आमच्याकडे सुनेची बहीण परदेशात असते, ती आली की हेच चालतं. बाजारातल्या हक्का नूडल्स चालतात, पण त्या अंड्याच्या रुंद पट्ट्या असतात तशा हव्या असतील तर घरी करणं काही अवघड नाही. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं आणि चिमूटभर मीठ. पाणी घालायचं नाही, फारच कोरडं वाटलं तर ओला हात लावायचा. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. मग पोळपाटावर पोळीपेक्षा पातळ लाटायचं, वर मैदा भुरभुरायचा, गुंडाळी करून सुरीनं कापायची आणि उलगडून सुपात पसरायची. आमच्याकडे चकोल्या (वरणफळं) करणाऱ्या हाताला हे सहज जमतं. नऊ माणसांना दोन अंड्यांच्या पुरतील.

शेवया घालू का असं विचारणार असशील तर गव्हाच्या घरच्या शेवया चालतात, पण फार बारीक, दोन मिनिटांत शिजतात आणि पाचव्या मिनिटाला लगदा. ज्वराच्या माणसाला बरं पडतं ते, या मुलाला नाही आवडणार.

महत्त्वाचं म्हणजे नूडल्स सुपात शिजवू नको. वेगळ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात शिजव, थोड्या कच्च्या असतानाच काढ, वाटीत घाल आणि वर कडकडीत सूप ओत. सुपात शिजवल्या तर मैद्याची पेज सुपात उतरते, आणि उरलेल्या सुपात नूडल्स राहिल्या तर रात्रीपर्यंत सगळं पाणी पिऊन बसतात. दुसऱ्या दिवशी पातेल्यात खळ सापडते.

टिळकवाडीकर

धाग्याशी थेट संबंध नाही पण सांगतो, मी औषधांच्या धंद्यात होतो. कोंबडीच्या सुपानं सर्दी बरी होते का यावर खरोखर अभ्यास झालेत. 1978 साली 'चेस्ट' नावाच्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता, त्यात गार पाण्यापेक्षा गरम पाणी आणि त्याहून गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला शेंबूड लवकर पुढे सरकतो असं दिसलं. नंतर 2000 साली नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी त्याच नियतकालिकात छापलं की सुपामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते. पण ते प्रयोगशाळेतल्या भांड्यातलं, माणसाच्या नाकातलं नव्हे. तेव्हा सूप म्हणजे औषध नाही. गरम वाफ, पाणी, मीठ आणि पोटात चार घास एवढं मिळालं तरी पोर हुशारतं. ताप उतरत नसेल, श्वास भराभर चालला असेल, छाती आत ओढली जात असेल तर सूप ठेवा बाजूला आणि दवाखाना गाठा.

आणखी एक. कोंबडी नळाखाली धुऊ नका. हे लिहिलं की इथं भांडण होणार मला माहीत आहे. पण शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि जंतू तिथं राहतात, शिजलेल्या कोंबडीत ते मरतातच.

अनगोळची_अक्का

हळद-मीठ लावून धुतल्याशिवाय मी चुलीला लावणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या धुवत आलोय.

टिळकवाडीकर

धुवा अक्का, पण मोठ्या पातेल्यात बुडवून धुवा, नळ सोडून नको. आणि ते पाणी मोरीत ओतताना जपून.

अनगोळची_अक्का

तसं चालेल.

खानापूरची_थोरली

सासूबाईंना वाचून दाखवलं. अळणी त्याच करणार म्हणाल्या, फक्त फेस काढायचं काम मला दिलंय. हळदीवर अजून घासाघीस चालू आहे. नूडल्स लाटायला जाऊबाई बसणार, ती म्हणते तिकडे मशीन असतं, मी म्हटलं इथं लाटणं असतं.

शेवटची शंका. आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा जाते, फ्रिजचा भरवसा नाही. उरलेलं सूप ठेवता येईल का? आणि गाळल्यावर उरलेली हाडं परत उकळली तर चालतील का? सासूबाई काही टाकू देत नाहीत.

कॅम्पातला_आचारी

फ्रिजचा भरवसा नसेल तर उरेल एवढं करूच नका. उरलंच तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर थंड करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट नाही, चांगली उकळी फुटू द्या. वीज बराच वेळ गेली असेल तर मोह टाळा, कोंबडीचं पाणी लवकर नासतं. सकाळी सूप आणि रात्री त्याच पाण्यात भात टाकला तर ठेवायचा प्रश्नच येत नाही.

जवारीची हाडं दुसऱ्यांदा उकळता येतात, एक लिटर पाण्यात अर्धा तास. पातळ निघतं, पण भाताला पुरेसं. छाती बोनलेस आणाल तर तिची हाडं नसतीलच. आणि दारातल्या कुत्र्याला शिजलेली हाडं घालू नका, ती टोकदार तुटतात आणि त्याच्या आतड्यात रुततात. त्याला गाजर द्या, खात असेल तर.