२२ तासांचं गणित आठवडाभर टिकत नाही

अमेरिकेत नवरा-बायको दोघंही ड्रायव्हर असले की एक्स्पेडाइट ट्रक (तातडीचा माल पोचवणारा) दिवसाला २२ तास धावतो, हे गणित एका दिवसापुरतं बरोबर आहे. प्रत्येकी ११ तास. पण आठ दिवसांत प्रत्येकी कामाच्या ७० तासांची मर्यादाही आहे आणि त्यात डिझेल भरणं, ट्रकची तपासणी, माल चढवणं हेही धरलं जातं. रोज पूर्ण ११ तास चालवलंत तर सातव्या दिवशी दोघंही एकदमच अडकता. सरासरी काढली तर माणशी पावणेनऊ तास पडतात. ट्रकच्या कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब त्यावरच करा. दोन लोडच्या (मालाच्या खेपांच्या) मध्ये वाट बघताना जबाबदारीतून मोकळे असाल तर तो वेळ लॉगमध्ये, म्हणजे तासांच्या नोंदवहीत, ऑफ-ड्यूटी (सुट्टीवर) किंवा स्लीपर (ट्रकमधल्या बर्थवर विश्रांती) दाखवा. सलग ३४ तास तसे मिळाले की ७० चा आकडा पुन्हा शून्यावर येतो. नवीन जोडपी नेमकी इथेच तास वाया घालवतात.

दुसरं, चाक हातात घेण्याआधी ईएलडीवर (तास आपोआप नोंदवणाऱ्या यंत्रावर) ड्रायव्हर बदला. विसरलात तर एकाचे तास दुसऱ्याच्या नावावर चढतात. ते दोघांच्या संमतीनं एकमेकांच्या लॉगवर हलवता येतात, पण गाडी चालवल्याचा आपोआप नोंदला गेलेला वेळ कमी करता येत नाही. आणि कृपा करून, चालत्या ट्रकमध्ये झोपणाऱ्यानं बर्थचा पट्टा लावाच. जोराचा ब्रेक लागला तर मागचा माणूस थेट पुढे फेकला जातो.