मुलींचे लवकर वयात येणे आणि घरातली रसायने: नेमका संबंध किती?

शाल्मली:

नमस्कार. माझी मुलगी सव्वासात वर्षांची आहे. तिच्या डाव्या स्तनाग्राखाली दाबल्यावर दुखणारी छोटीशी गाठ हाताला लागली, म्हणून आम्ही तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहिले, पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. सध्या फक्त स्तनांची वाढ सुरू झालेली दिसते, हाडांचे वय खऱ्या वयाशी जुळते आहे, तेव्हा औषध न देता तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यावर आमचा विश्वास आहे, त्यामुळे उपचारांविषयी मला येथे काही विचारायचे नाही.

प्रश्न कारणांविषयी आहे. शाळेतल्या पालकांच्या गटावर हा विषय निघाला, तेव्हा कोणी ब्रॉयलर कोंबडीवर खापर फोडले, कोणी इंजेक्शन दिलेल्या म्हशीच्या दुधावर, आणि बहुतेकींनी प्लास्टिकच्या डब्यावर. आमच्याकडे सकाळी साडेसहाला तव्यावरून उतरलेली पोळी आणि गरम भाजी प्लास्टिकच्या डब्यात भरली जाते, पिण्याचे पाणी वीस लिटरच्या जारमधून येते, देवापुढे दोन्ही वेळा अगरबत्ती असते आणि मुलीला सुवासिक पावडरीची फार हौस आहे. यांतल्या कशाचा संप्रेरकांवर परिणाम होतो हे सिद्ध झाले आहे, आणि कशाची नुसती भीती आहे? धाकटा मुलगा दोन वर्षांचा आहे आणि हाती येईल ते तोंडात घालतो, त्याच्यासाठी काय बघावे?

डॉ_वाचक:

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला तपासलेले नसल्यामुळे तिच्याविषयी काही म्हणत नाही, विषयापुरते लिहितो.

मुलींमध्ये ८ वर्षांच्या आत आणि मुलांमध्ये ९ वर्षांच्या आत वयात येण्याची चिन्हे दिसली, तर ती वेळेआधी आली असे आम्ही मानतो. यात दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. मेंदूतून संदेश सुटून, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जागी होऊन, बीजकोषांनी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करायला सुरुवात केली, तर ती खरी पौगंडावस्था असते. मग हाडांचे वय पुढे धावते, उंची आधी झपाट्याने वाढते आणि लवकर थांबते. दुसऱ्या प्रकारात ही साखळी सुरूच झालेली नसते आणि केवळ स्तनांच्या पेशींनी प्रतिसाद दिलेला असतो. रसायनांची चर्चा करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण इस्ट्रोजेनसारखा वागणारा पदार्थ मेंदूला वगळून थेट त्या पेशींवर काम करू शकतो.

कोंबडी आणि दूध यांचा निकाल आधी लावू. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत वाढते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे; तिच्याबाबत खरी काळजी आहे ती प्रतिजैविकांची. म्हशीला पान्हा सोडण्यासाठी टोचतात ते ऑक्सिटोसिन प्रथिनांच्या जातीचे असल्यामुळे आपल्या पोटात पचून जाते आणि वयात येण्याशी त्याचा संबंध नाही. (म्हशीच्या बाजूने पाहिले तर ती प्रथा वाईटच आहे, पण तो विषय निराळा.)

एण्डोक्राइन डिसरप्टर म्हणवल्या जाणाऱ्या, म्हणजे संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र डब्यातून आलेला नाही. तो अपघातांतून आणि औषधांतून आला आहे. अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गरोदर स्त्रियांना तीसेक वर्षे दिले जात होते. १९७१ साली असे दिसले, की त्या स्त्रियांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा एरवी अत्यंत दुर्मीळ असलेला कर्करोग होत आहे. औषध घेतले आईने, तेही काही महिने, आणि परिणाम दिसला पंधरा-वीस वर्षांनी तिच्या मुलीत. दुसरी घटना १९७३ सालची. मिशिगन राज्यात आग रोखण्यासाठी वापरले जाणारे पीबीबी हे रसायन चुकून गुरांच्या खाद्यात मिसळले गेले आणि दूध-मांसातून हजारो कुटुंबांत पोहोचले. ज्या मुलींना ते गर्भात मोठ्या प्रमाणात मिळाले आणि पुढे अंगावरच्या दुधातूनही मिळाले, त्यांना पहिली पाळी सरासरी ११.६ व्या वर्षी आली. कमी संपर्क झालेल्या मुलींमध्ये ते वय १२.२ ते १२.६ होते. यावरून अंगावरचे दूध बंद करावे असा अर्थ कोणीही काढू नये, कारण ती मात्रा अपघातातली होती.

या दोन्ही उदाहरणांत मात्रेइतकीच वेळ निर्णायक ठरली आहे. गर्भातले पहिले तीन-चार महिने आणि जन्मानंतरची पहिली काही वर्षे, जेव्हा अवयवांची घडण संप्रेरकांच्या अगदी सूक्ष्म प्रमाणावर चालते, तेव्हा झालेली ढवळाढवळ कायमची राहू शकते. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करू लागेपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते, हे त्याचेच एक उदाहरण. त्यामुळे सात वर्षांच्या मुलीत आज दिसणाऱ्या चिन्हाचे कारण आजच्या डब्यात सापडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय वजन, झोप आणि बैठे दिवस यांचाही वाटा मोठा आहे. टाळेबंदीच्या काळात इटलीपासून आपल्या पुण्यापर्यंत लवकर वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढलेली डॉक्टरांनी नोंदवली, आणि त्या वर्षी घराघरांतले प्लास्टिक एकाएकी बदललेले नव्हते.

पॉलिमरवाला:

डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू मांडली, मी वस्तूंकडे वळतो. प्लास्टिकच्या धंद्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि सगळे प्लास्टिक एकच समजून बोलले की मला राहवत नाही.

डबा उलटा करून तळाचा त्रिकोण बघा. आत ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन आहे. त्यात बिस्फेनॉल-ए (बीपीए, इस्ट्रोजेनसारखे वागू शकणारे रसायन) नसते आणि ते मऊ करण्यासाठी थॅलेट घालावे लागत नाही. दुधाची पिशवी पॉलिइथिलीनची असते, तिच्याही बाबतीत हेच. थॅलेट लागतात ते पीव्हीसीला, म्हणजे ३ आकड्याला: मऊ नळ्या, रेक्झिन, टेबलावरचे पारदर्शक आवरण, स्वस्तातली पिळता येणारी खेळणी. ही द्रव्ये पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे उष्णतेने आणि तेलातुपाने बाहेर येतात. बिस्फेनॉल-ए असते ते पॉलिकार्बोनेटमध्ये आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या इपॉक्सी थरात. तुमचा वीस लिटरचा जार कडक, निळसर, आपटला तरी न फुटणारा आणि तळाला ७ आकडा असलेला असेल, तर तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा आहे. सावलीत आणि थंड राहिला तर त्यातून उतरणारे प्रमाण फार थोडे असते, पण जारवाल्याच्या उघड्या टेम्पोत एप्रिलच्या उन्हात तो तासन्‌तास तापतो. एवढ्यासाठी तो बदलून घरच्या फिल्टरचे पाणी स्टीलच्या पिंपात भरणे मी पसंत करीन.

नियमांची वाटचालही बोलकी आहे. युरोपने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हद्दपार केले आणि भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये. २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोज चालेल अशी मर्यादा शरीराच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणली. त्या आकड्यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण २०२४ च्या अखेरीस युरोपने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत ते वापरण्यावर बंदी घातलीच. आपल्याकडे बाटली सुटली आणि जार राहिला. ‘बीपीए-फ्री’ या शिक्क्यालाही फार भुलू नका, कारण त्याच्या जागी पुष्कळदा बिस्फेनॉल-एस हा त्याचाच भाऊबंद येऊन बसतो.

अगरबत्ती आणि पावडर यांचा मुद्दा वेगळा आहे. सुगंध पातळ करायला आणि टिकवून धरायला डायइथिल थॅलेट सर्रास वापरले जाते आणि वेष्टनावर नुसते ‘सुगंधी द्रव्य’ एवढेच छापलेले असते. जनावरांवरील प्रयोगांत हे थॅलेट पीव्हीसीतल्या थॅलेटांइतके त्रासदायक ठरलेले नाही, पण ते अंगावर आणि श्वासात रोज जाते. दिलासा असा, की ही द्रव्ये शरीरात साठत नाहीत, एक-दीड दिवसात लघवीवाटे जातात. कॅलिफोर्नियातील सलिनास येथे शंभर किशोरवयीन मुलींना तीन दिवस या रसायनांविना बनवलेली प्रसाधने दिली, तेव्हा त्यांच्या लघवीतील डायइथिल थॅलेटचा अंश २७ टक्क्यांनी आणि प्रसाधने टिकवण्यासाठी घातले जाणारे मिथाइल व प्रॉपिल पॅराबेन सुमारे ४५ टक्क्यांनी उतरले. घरात सर्वांत कमी खर्चात होण्यासारखा बदल हाच आहे.

विहीर_आड:

सर्वांचा आदर राखून विचारतो. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पहिली पाळी सोळा-सतराव्या वर्षी येत असे आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेरावर आले होते. तेव्हा प्लास्टिक कुठे होते? अन्न सुधारले, आजार कमी झाले, मुली लवकर वाढू लागल्या, इतके ते सरळ आहे. स्टीलचा डबा घ्या, जार बदला, पण हा सुतावरून स्वर्ग गाठण्याचा प्रकार वाटतो.

मेधा_जुनी:

विहीर_आड, तुमचा पूर्वार्ध बरोबर आहे आणि संशोधकही तो मान्य करतात. अडचण पुढच्या टप्प्यात आहे. कोपनहेगनमध्ये १९९१ च्या सुमारास आणि पुन्हा २००६ च्या सुमारास शाळकरी मुलींची एकाच पद्धतीने तपासणी झाली. पंधरा वर्षांत स्तनांची वाढ सुरू होण्याचे वय १०.८८ वरून ९.८६ वर आले, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने. पहिल्या पाळीचे वय मात्र १३.४२ वरून जेमतेम १३.१३ वर आले. वजनातील फरकाने याचा उलगडा झाला नाही, आणि पिट्युटरीच्या संप्रेरकांची पातळीही त्या वयात वाढलेली नव्हती. केवळ पोषण सुधारले असते तर दोन्ही वये साधारण बरोबरीने घसरायला हवी होती. मेंदूची साखळी जागेवर असताना स्तनांच्या पेशी आधी प्रतिसाद देतात, हे डॉक्टरांनी वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकाराशी जुळणारे आहे. रसायनांवर संशय येतो तो येथे. आरोप सिद्ध झालेला नाही, पण संशयाला आधार आहे.

पोषणाच्या बाजूने मला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण भारतीय मुलींचे आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांना पहिली पाळी येण्याचे मध्यम वय ११.६ निघाले, म्हणजे स्वीडिश मुलींपेक्षाही बरेच आधी आणि भारतात सुखवस्तू घरांत वाढलेल्या मुलींपेक्षाही आधी. अनाथालयातून गेलेल्या मुलांच्या जन्मतारखा अंदाजाने लिहिलेल्या असतात, ही शंका घ्यायलाच हवी, पण सगळा फरक तिच्यावर टाकता येत नाही. उपासमारीनंतर एकदम मिळालेले भरपूर अन्न, ही पहिली उपपत्ती. मग २००१ साली बेल्जियममधील डॉक्टरांनी लवकर वयात आलेल्या, परदेशातून आलेल्या मुलांच्या रक्तात डीडीटी या कीटकनाशकाचा अवशेष शोधला. तो त्यांच्यापैकी बहुतेकांत सापडला आणि तेथेच जन्मलेल्या मुलांत क्वचितच. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झाले, पण मलेरियाच्या फवारणीसाठी ते चालू राहिले. आपल्या रायगडमधल्या रसायनी येथील सरकारी कारखान्यातही ते तयार होत असे. आता या मुलींचे वय पोषणाने ओढले, की लहानपणी शरीरात गेलेल्या डीडीटीने, की दोहोंनी मिळून, हे सोडवणे फार अवघड आहे, कारण दोन्ही गोष्टी त्याच मुलींच्या वाट्याला आल्या होत्या. म्हणून ‘अन्न की रसायन’ असा निवाडा मागणेच मला पटत नाही.

शाल्मली:

सर्वांचे आभार. आमच्या डब्याच्या तळाला ५ आहे आणि जारच्या तळाला ७. पावडर थांबवली आहे. सासूबाई अगरबत्तीऐवजी तुपाच्या निरांजनावर राजी झाल्या, फक्त गुरुवारी उदबत्ती हवीच म्हणाल्या. धाकट्याविषयी कोणी सांगेल का?

डॉ_वाचक:

जरूर. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त खातात, पितात आणि श्वास घेतात. जमिनीलगत वावरतात आणि हात तोंडात घालतात. म्हणून दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात घरातली धूळ आपल्यापेक्षा जास्त जाते, आणि फोम, पडदे, पीव्हीसीचे आच्छादन यांतून सुटलेली द्रव्ये त्या धुळीतच बसतात. कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसणे आणि जेवण्याआधी हात धुणे यांचा उपयोग वाटतो त्याहून अधिक आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि त्यामागच्या मानकांत थॅलेटांची तपासणी येते. जत्रेतली, उग्र वासाची, चिकट मऊ खेळणी त्यात बसत नाहीत, ती तोंडात जाणाऱ्या वयात आणू नयेत.

मुलग्यांच्या बाबतीत काळजीची दिशा निराळी असते. काही थॅलेट पुरुष-संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात आणि गर्भावस्थेतील त्याच्या खुणा जन्मलेल्या मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या मापांत २००५ पासून नोंदवल्या गेल्या आहेत. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर एण्डोसल्फानची हवाई फवारणी वर्षानुवर्षे चालली होती. तेथील शाळकरी मुलग्यांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ते मुलगे वयात उशिरा येत असल्याचे दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्या कीटकनाशकावर बंदी घातली. तेव्हा घरात ढेकूण-झुरळांची फवारणी करून घ्याल, तेव्हा दोन्ही मुलांना दिवसभर दुसरीकडे ठेवा आणि परत आणण्याआधी फरशी पुसून घ्या.

मुलीच्या तीन महिन्यांनंतरच्या तपासणीला जाताना तिची शाळेतली उंचीची नोंद बरोबर न्या. वाढीचा वेग बदलला आहे का, हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळते.